मालनोंदींची एकगठ्ठा आयात

ऑनलाइन दुकानात विक्रीस ठेवावयाच्या अनेक वस्तूंचे तपशील एकेक करून न भरता एखाद्या सारणीतून एकाच वेळी दुकानाच्या संगणकीय प्रणालीत दाखल करण्याची क्रिया. व्यापाऱ्यांच्या बोलण्यात तिला ‘बल्क अपलोड’ हे नाव रूढ आहे. येथील ‘आयात’ या शब्दाचा परदेशी मालाशी वा सीमाशुल्काशी संबंध नाही. प्रणालीत येते ती वस्तूची नोंद. अशा नोंदीत वस्तूचे नाव, वर्णन, किंमत, कर, साठा, वजन, वर्गवारी, छायाचित्रे आणि वस्तू ओळखण्याचा क्रमांक या बाबी असतात. हे काम करणारी साधने पुष्कळ असून किती हजार नोंदी किती मिनिटांत चढतात, यावरूनच त्यांची निवड बहुधा केली जाते. वस्तुतः पहिली आयात हा या कामाचा सर्वांत सोपा भाग होय. दुकान सुरू झाल्यावर किमती, कर व साठा बदलत राहतात आणि सारणी पुनःपुन्हा चढवावी लागते. त्या वेळी साधन जुन्या नोंदी कशा ओळखते, रिकाम्या चौकटीचा अर्थ काय लावते आणि चूक झाल्यास मागे फिरता येते की नाही, यांवर त्याची खरी योग्यता ठरते.

पूर्वपीठिका : छापील सूचिपत्रावरून टपालाने माल मागविण्याची पद्धत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात वाढली, शिकागो येथील माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये काढलेले एका पानाचे सूचिपत्र हा तिचा एक आरंभ मानला जातो. सूचिपत्रातील चूक पुढील छपाईपर्यंत तशीच राहत असे. मात्र छपाईपूर्वी मुद्रिते तपासण्याचा टप्पाही असे. ऑनलाइन दुकानात हा टप्पा आपोआप येत नाही, तो मुद्दाम घालावा लागतो. वस्तूला यंत्राने वाचता येणारा क्रमांक देण्याची पद्धत २६ जून १९७४ रोजी ओहायओ राज्यातील ट्रॉय येथील एका दुकानात च्युइंगगमच्या पुड्यावरील बारकोड वाचला गेला, तेव्हापासून प्रत्यक्ष व्यवहारात आली. ऑनलाइन दुकानासाठी तयार मिळणाऱ्या प्रणालींपैकी ओएसकॉमर्स (२०००), शॉपिफाय (२००६), मॅजेंटो (२००८) व वूकॉमर्स (२०११) या विशेष प्रसार पावल्या. एकगठ्ठा आयातीची सोय या सर्वांत आरंभापासून नव्हती. वूकॉमर्समध्ये ती मूळ प्रणालीचा भाग म्हणून २०१७ मध्ये आली. तोपर्यंत त्यासाठी स्वतंत्र जोडआज्ञावली, म्हणजे प्लगइन, घ्यावे लागत असे.

सारणीचे स्वरूप : आयातीसाठी सर्वाधिक वापरला जाणारा फाइलीचा प्रकार म्हणजे सीएसव्ही. यात प्रत्येक नोंद एका ओळीत असते व ओळीतील मूल्ये स्वल्पविरामांनी वेगळी केलेली असतात. मूल्यातच स्वल्पविराम आल्यास ते मूल्य दुहेरी अवतरणचिन्हांत घालतात. ही पद्धत अनेक वर्षे केवळ रूढीने चालत होती. आरएफसी ४१८० या दस्तऐवजात ती २००५ मध्ये नोंदविली गेली, तरी तो दस्तऐवजही बंधनकारक मानक नाही. त्यामुळे साधनासाधनांत फरक पडतो. ज्या यूरोपीय देशांत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, तेथील एक्सेल सीएसव्ही फाइलीत मूल्यांच्या मध्ये अर्धविराम घालते. भारतात किंमत १,२५,००० अशी लिहिण्याची सवय असते आणि अवतरणचिन्हे गळाली की एकाच किमतीचे तीन स्तंभ होतात. फाइल चढते, परंतु त्या ओळीपुरते पुढचे सर्व स्तंभ दोन घरे सरकलेले असतात व वजनाच्या जागी साठा जाऊन बसतो.

याहून मोठी अडचण एकाच वस्तूच्या अनेक प्रकारांची असते. एक सदरा चार मापांत व तीन रंगांत मिळत असेल, तर ग्राहकाला तो एकाच पानावर दिसावा लागतो. परंतु साठा व क्रमांक मात्र बारा प्रकारांचे वेगवेगळे ठेवावे लागतात. शॉपिफायच्या सारणीत अशा सदऱ्याच्या बारा ओळी असून त्या सर्वांवर एकच ‘हँडल’ लिहिलेले असते. नाव व वर्णन फक्त पहिल्या ओळीत भरतात. वूकॉमर्समध्ये मूळ वस्तूची एक स्वतंत्र ओळ असते आणि प्रत्येक प्रकाराच्या ओळीत ‘पॅरेंट’ या स्तंभात मूळ वस्तूचा क्रमांक देतात, म्हणजे एकूण तेरा ओळी होतात. मॅजेंटोमध्येही तेरा ओळी असतात, परंतु तेथे बारा साध्या वस्तू आधी देऊन तेराव्या ओळीतील एका लांबलचक चौकटीत त्यांची सांगड घालतात. एकाच मालाची ही तीन रूपे एकमेकांत बदलणे हे यांत्रिक काम दिसते. तथापि एका प्रणालीतून दुसरीत दुकान हलविताना बहुतेक वेळ त्यातच जातो. साधन पाहताना साध्या वस्तूंच्या नमुना-फाइलीवर समाधान मानणे त्यामुळे चुकीचे ठरते. दुकानातील सर्वांत गुंतागुंतीची वस्तू घेऊन तिची एकच नोंद चढवून पाहिली, तर साधनाची मर्यादा अर्ध्या तासात कळते.

एक्सेलमुळे होणारे बदल : सारणी बहुधा एक्सेलमध्ये तयार होते व तेथेच ती प्रथम बिघडते. याचे स्पष्ट उदाहरण पुस्तकविक्रीत सापडते. १ जानेवारी २००७ पासून पुस्तकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, तेरा अंकी झाला. भारतातील पुस्तकांचे अनेक क्रमांक ९७८८१ किंवा ९७८९३ या अंकांनी सुरू होतात. एक्सेलच्या नेहमीच्या चौकटीत असा क्रमांक लिहिला की तो मोठी संख्या समजून घातांकाच्या रूपात, म्हणजे ९·७८८१७ई+१२ असा दाखविला जातो. चौकटीत मूळ संख्या शाबूत असते, परंतु फाइल सीएसव्ही म्हणून साठविताना एक्सेल जे दिसते तेच लिहिते. पुन्हा उघडल्यावर हाती उरतो तो ९७८८१७००००००० हा क्रमांक. त्यातील पहिले सहा अंक खरे व बाकीची शून्ये. परिणामी शेकडो वेगवेगळ्या पुस्तकांना एकच क्रमांक मिळतो. क्रमांकावरून नोंद ओळखणाऱ्या साधनाने अशी फाइल घेतली, तर ते दुसऱ्या पुस्तकाची माहिती पहिल्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर अशी लिहीत जाते आणि शेवटी यादीतील अखेरचे पुस्तक तेवढे शिल्लक राहते. एकही दोष नोंदला जात नाही, कारण साधनाच्या दृष्टीने त्याने प्रत्येक ओळ यशस्वीपणे चढविलेली असते.

यावर उपाय साधा आहे. तो स्तंभ आधीच मजकूर-स्वरूपाचा करावा, किंवा सीएसव्हीऐवजी एक्सेलची मूळ फाइल वाचू शकणारे साधन घ्यावे. काही साधने क्रमांकाचा तपासणी-अंकही पडताळतात. तेरा अंकी क्रमांकातील अंकांना डावीकडून आळीपाळीने १ व ३ यांनी गुणून येणाऱ्या गुणाकारांची बेरीज १० ने विभाज्य असावी लागते. शून्ये भरलेला क्रमांक या कसोटीत बहुधा नापास होतो. पडताळणीची ही सोय जाहिरातीत क्वचितच सांगितलेली असते, परंतु पुस्तके, औषधे वा किराणा माल विकणाऱ्याने ती अवश्य पाहावी.

आरंभीची शून्ये गळणे हा याच जातीचा दुसरा दोष होय. तिसरा दोष तारखांचा. लहान मुलांच्या कपड्यांचे ‘२-३’ हे माप इंग्रजी आकड्यांत लिहिले, तर एक्सेल त्याची २ मार्च अशी तारीख करते. ही सवय केवळ दुकानदारांनाच भोवते असे नाही. मानवी जनुकांपैकी ज्यांची संक्षिप्त नावे ‘मार्च’ व ‘सेप्ट’ अशी होती, त्यांच्याही तारखा होऊ लागल्याने जनुकांची नावे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीला अखेर ती नावेच बदलावी लागली. यासंबंधीची तिची मार्गदर्शक तत्त्वे २०२० मध्ये प्रसिद्ध झाली.

देवनागरी मजकूर : मराठी नावे व वर्णने असलेल्या सारणीत आणखी काही प्रश्न येतात. यूनिकोडमध्ये देवनागरीस स्वतंत्र पट्टा दिलेला असून यूटीएफ-८ या संकेतन पद्धतीत तिचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. यूटीएफ-८ मधील सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडल्यास एक्सेल ती पुष्कळदा जुन्या पाश्चात्त्य संकेतनातील समजते आणि प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र रोमन चिन्हे दिसू लागतात. फाइल तशीच साठविली, तर मूळ मजकूर परत मिळविणे कठीण होते. हे टाळण्यासाठी फाइलीच्या आरंभी एक अदृश्य खूण ठेवतात. परंतु काही साधने ती खूण पहिल्या स्तंभाच्या नावाचाच भाग समजतात व तो स्तंभ ओळखत नाहीत. नावे तंतोतंत बरोबर असूनही पहिलाच स्तंभ ‘सापडत नाही’ असा संदेश आल्यास कारण बहुधा हेच असते.

महाराष्ट्रातील जुन्या प्रकाशकांच्या याद्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे. श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या पूर्वीच्या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. त्या टंकाशिवाय असा मजकूर उघडला की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. येथे संकेतन बदलून भागत नाही. टंकानुसार प्रत्येक आकाराचे यूनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते व जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावी लागतात. हे काम कोणतेही आयात-साधन करीत नाही. ते आयातीपूर्वी संपवावयाचे असते. किमती देवनागरी अंकांत लिहिलेल्या असल्यास त्याही आधी बदलून घ्याव्या लागतात, कारण बहुतेक साधने ‘२५०’ या देवनागरी आकड्याला संख्या मानत नाहीत.

वूकॉमर्स ज्या वर्डप्रेस प्रणालीवर चालते, तिच्यात वस्तूच्या नावावरून तिच्या पानाचा वेबपत्ता तयार होतो. या पत्त्याच्या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीचे एक चिन्ह पत्त्यात नऊ रोमन चिन्हांनी लिहिले जात असल्याने सुमारे बावीस चिन्हांपुढील नाव गळून पडते. एकाच लांब नावाने सुरू होणाऱ्या ग्रंथमालेतील खंडांचे पत्ते त्यामुळे सारखे होतात आणि प्रणाली त्यांना २, ३ असे आकडे जोडते. आयातीच्या सारणीत पत्त्याचा भाग स्वतंत्रपणे देऊ देणारे साधन अशा दुकानासाठी अधिक सोयीचे असते.

साधनांचे प्रकार : पहिला प्रकार प्रणालीतच असलेल्या सोयीचा. ती विनामूल्य असते व प्रणालीच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर सुधारली जाते. वूकॉमर्समधील सोय फाइल घेतल्यावर सारणीचे स्तंभ आणि नोंदीतील क्षेत्रे यांची जुळणी दाखविते व मग साधारणपणे तीस-तीस ओळींच्या तुकड्यांनी काम करते. तोपर्यंत ब्राउझरचे पान उघडे ठेवावे लागते. शॉपिफायच्या अशा फाइलीस १५ मेगाबाइटची मर्यादा आहे. काही हजार साध्या नोंदींपर्यंत ही सोय पुरते आणि लहान दुकानदाराने तिच्यापासूनच सुरुवात करणे इष्ट होय. चाळीस-पन्नास वस्तू असल्यास तर त्या हाताने भरणेच शहाणपणाचे ठरते; सारणी बसविण्याचा वेळ त्याहून अधिक लागतो.

दुसऱ्या प्रकारात प्लगइने व त्यांसारख्या जोड-सेवा येतात. वर्डप्रेससाठीचे डब्ल्यूपी ऑल इंपोर्ट, शॉपिफायसाठीचे मेट्रिक्सिफाय ही त्यांची परिचित उदाहरणे. पुरवठादाराच्या फाइलीतील स्तंभ कसेही असले, तरी ती आहे तशी घेऊन प्रत्येक क्षेत्रात काय भरावयाचे ते ठरविणे आणि ठराविक वेळाने ती फाइल आपोआप पुन्हा घेणे, हे त्यांचे मुख्य गुण. मेट्रिक्सिफायमध्ये प्रत्येक ओळीपुढे नवीन करा, बदला, पूर्णपणे नव्याने लिहा किंवा पुसा अशी वेगळी आज्ञा देता येते व शेवटी प्रत्येक ओळीचे काय झाले हे सांगणारी फाइल मिळते. ही शेवटची फाइलच वर्गणीचे मोल भरून काढते.

तिसरा प्रकार डेटाबेसमध्ये थेट लिहिणाऱ्या साधनांचा. मॅजेंटोमध्ये एका वस्तूची माहिती अनेक कोष्टकांत विखुरलेली असते व मूळ सोयीने ती भरण्यास फार वेळ लागे. मॅग्मी नावाच्या मुक्त साधनाने प्रणालीचे सर्व मधले थर वगळून कोष्टकांतच नोंदी लिहिण्यास सुरुवात केली आणि तासांचे काम मिनिटांवर आणले. तथापि जे थर वगळले, तेच नोंदींची तपासणीही करीत होते. अशा आयातीनंतर अनुक्रमणिका पुन्हा बांधाव्या लागतात आणि प्रणालीची आवृत्ती बदलून कोष्टकांची रचना बदलली, तर साधन निकामी होते.

चौथा प्रकार एपीआयमार्फत चालणाऱ्या, दुकानासाठी खास लिहून घेतलेल्या आज्ञावलींचा. वूकॉमर्सच्या एपीआयमध्ये एका विनंतीत शंभरपर्यंत नोंदी पाठविता येतात. शॉपिफायमध्ये मोठ्या संख्येसाठी प्रत्येक ओळीत एक नोंद असलेली फाइल चढवून ती मागाहून प्रक्रियेस लावण्याची वेगळी व्यवस्था आहे. गोदामाच्या हिशेबाच्या आज्ञावलीशी दुकान रोज जोडावयाचे असल्यास हाच मार्ग टिकाऊ होय. मात्र ती लिहिणारा माणूस निघून गेल्यावर तिची देखभाल कोण करणार, हे आरंभीच ठरवावे लागते. यांशिवाय अनेक दुकाने व बाजारमंच यांना एकाच ठिकाणाहून माहिती पुरविणाऱ्या प्रणाली आहेत. फ्रान्समधील अकेनिओ ही त्यांपैकी एक.

कोणत्याही प्रकारात छायाचित्रांना सर्वाधिक वेळ लागतो. सारणीत छायाचित्र नसते, त्याचा वेबपत्ता असतो. साधन त्या पत्त्यावरून चित्र उतरवून घेते व त्याच्या लहानमोठ्या अनेक प्रती तयार करते. पुरवठादाराचा संगणक थोड्या वेळात आलेल्या शेकडो मागण्या नाकारू लागला, तर निम्म्या वस्तू चित्रांविना चढतात. प्रत्येक वेळी तीच चित्रे पुन्हा उतरविणारे साधन महिन्याभरात डिस्क भरून टाकते. नोंदी आणि चित्रे वेगवेगळ्या फेऱ्यांत घेता येणे हा त्यामुळे निवडीतील एक महत्त्वाचा मुद्दा ठरतो.

दुसरी आयात : नोंद ओळखण्यासाठी दुकानाने स्वतः दिलेला क्रमांक, ज्याला व्यवहारात एसकेयू म्हणतात, तो सर्वांत विश्वसनीय होय. वस्तूचे नाव हा त्याचा पर्याय होऊ शकत नाही. एक जोडाक्षर बदलले की नाव बदलते व साधन नवी नोंद तयार करते. पुस्तकांच्या बाबतीत आयएसबीएनही पुरत नाही. पुनर्मुद्रणाची किंमत वाढली तरी क्रमांक तोच राहू शकतो, आणि १९७० पूर्वीच्या पुस्तकांना तो मुळात नसतोच. पुरवठादाराचा क्रमांक घेतल्यास पुरवठादार बदलताच सगळी ओळख हरवते.

रिकाम्या चौकटीचा अर्थ हा याहूनही सूक्ष्म प्रश्न आहे. किमतीची फाइल करताना दुकानदार वर्णनाचा स्तंभ रिकामा ठेवतो, तेव्हा ‘वर्णन बदलू नये’ असे त्याच्या मनात असते. शॉपिफायमध्ये जुन्या नोंदीवर नवी लिहिण्याचा पर्याय निवडला आणि स्तंभ फाइलीत असून रिकामा असला, तर जुने मूल्य पुसले जाते. स्तंभच वगळला तर ते कायम राहते. मॅजेंटोमध्ये ‘भर घाला वा बदला’ आणि ‘रिप्लेस’ हे दोन पर्याय वेगळे आहेत व दुसऱ्यात जुनी नोंद तिच्या सर्व संदर्भांसह नाहीशी होते. डब्ल्यूपी ऑल इंपोर्टमध्ये फाइलीत न आढळलेल्या वस्तू दुकानातून काढून टाकण्याचा पर्याय आहे. पुरवठादाराकडून पूर्ण फाइल येते तोवर तो उपयोगी असतो. पण एखाद्या रात्री जाळे तुटून अर्धीच फाइल उतरली, तर उरलेल्या अर्ध्या वस्तू सकाळी दुकानात नसतात.

साठ्याचे तसेच आहे. संध्याकाळी काढलेल्या फाइलीत एका वस्तूचे दहा नग आहेत, रात्री चार विकले गेले आणि सकाळी तीच फाइल किमती बदलून परत चढविली, तर दुकानात पुन्हा दहा नग दिसू लागतात. किमतीच्या फाइलीत साठ्याचा स्तंभ कधीही ठेवू नये, हा नियम अनुभवी दुकानदार पाळतात. जे साधन हवे तेवढेच स्तंभ घेऊन बाकीच्यांना स्पर्श करीत नाही, ते या कामी पुरेसे होय. त्याची गती कमी असली तरी चालते.

चुकीच्या किमतीचे परिणाम : सिंगापूरमधील डिजिलँडमॉल या ऑनलाइन दुकानाचे प्रकरण या बाबतीत अभ्यासण्याजोगे आहे. जानेवारी २००३ मध्ये तेथील एक कर्मचारी किमती एकदम बदलण्यासाठी केलेल्या नव्या नमुना-सारणीचा सराव करून घेत होता. सरावासाठी भरलेला ६६ हा आकडा चुकून प्रत्यक्ष दुकानात गेला आणि ३,८५४ सिंगापूर डॉलर किमतीचा लेझर मुद्रक ६६ डॉलरना दिसू लागला. काही दिवसांनी चूक लक्षात येईपर्यंत ७८४ व्यक्तींनी १,००८ मागण्यांद्वारे ४,०८६ मुद्रक मागविले होते. त्यांपैकी सहा जणांनीच १,६०६ मागविले होते. हे सहा जण न्यायालयात गेले. किंमत चुकीची आहे याची त्यांना जाणीव होती, असे ठरवून उच्च न्यायालयाने २००४ मध्ये व अपील न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला. ग्राहकांना चुकीची जाणीव असणे हा या निर्णयाचा आधार होता, हे लक्षात घेतले पाहिजे. ३,८५४ ऐवजी ३,४५८ असे छापले गेले असते, तर दुकानदाराला तसे सिद्ध करणे अवघड झाले असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम २२ नुसार केवळ एका पक्षाच्या तथ्यविषयक चुकीमुळे करार शून्यनीय होत नाही. इंग्लंडमध्ये १२ डिसेंबर २०१४ रोजी किमती आपोआप बदलणाऱ्या एका साधनातील दोषामुळे ॲमेझॉनवरील अनेक लहान विक्रेत्यांच्या वस्तू सुमारे तासभर एका पेनीस दिसत होत्या. काही विक्रेत्यांचा माल गोदामातून रवानाही झाला.

सराव करण्याची जागा आणि खरे दुकान वेगळे ठेवणे, हा डिजिलँडमॉल प्रकरणातील तांत्रिक मुद्दा होय. मॅजेंटोच्या मूळ सोयीत आयातीपूर्वी माहिती तपासण्याची स्वतंत्र पायरी आहे व दोष आढळल्यास थांबावे की ती ओळ सोडून पुढे जावे हे ठरविता येते. परंतु अशी तपासणी आकडा आहे की नाही एवढेच पाहते. ६६ हा बिनचूक आकडा आहे. जुन्या किमतीपेक्षा ठराविक टक्क्यांहून अधिक फरक पडल्यास ओळ अडवून धरणारे साधन क्वचितच मिळते. ते नसल्यास जुनी फाइल शेजारी ठेवून एक्सेलमध्येच फरकाचा स्तंभ काढावा लागतो. आयात मागे घेण्याची एका बटणाची सोयही थोड्याच साधनांत असते. म्हणून प्रत्येक आयातीपूर्वी दुकानातील नोंदींची निर्यात करून ती फाइल तारखेसह ठेवतात. साधनाने निर्यात केलेली फाइल त्याच साधनात जशीच्या तशी परत घेता येते की नाही, हे विकत घेण्यापूर्वी करून पाहावे. ज्यात ती घेता येत नाही, असे साधन इतर गुण कितीही असले तरी न घेणेच बरे.

भारतीय कायद्याच्या गरजा : आवेष्टित वस्तूंसंबंधीच्या वैधमापन नियम, २०११ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १ जानेवारी २०१८ पासून उत्पादकाचे नाव, निव्वळ प्रमाण, कमाल किरकोळ किंमत इ. तपशील ऑनलाइन विक्रीच्या पानावरही दाखवावे लागतात. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये मूळ देश सांगणेही आवश्यक झाले. परदेशात तयार झालेल्या प्रणालींच्या सारणीत या बाबींचे स्तंभ मुळात नसतात. त्यामुळे दुकानदाराने स्वतः निर्मिलेली क्षेत्रे साधनाला भरता आली पाहिजेत. वूकॉमर्सच्या मूळ सोयीत हे जमते. कमाल किरकोळ किंमत सर्व करांसहित असते, तर सारणीतील किमतीत कर धरावा की वर लावावा, हे दुकानाच्या मांडणीतील एका खुणेवर अवलंबून असते व ती खूण सारणीत कोठेही दिसत नाही. ती चुकीची असल्यास बिनचूक सारणी चढवूनही प्रत्येक वस्तू छापील किमतीपेक्षा अधिक दराने विकली जाते.

वस्तू व सेवा कराच्या दरांतील फेरबदल २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले, तेव्हा या साधनांची कसोटी लागली. केशतेल, दंतधावने, साबण यांसारख्या वस्तूंवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. बहुसंख्य वस्तूंसाठी १२ व २८ टक्क्यांचे टप्पे नाहीसे झाले. परिषदेच्या ३ सप्टेंबरच्या निर्णयापासून अंमलबजावणीपर्यंत तीन आठवडेही नव्हते. ज्यांच्या नोंदींत प्रत्येक वस्तूचा एचएसएन संकेतांक भरलेला होता, त्यांना संकेतांकावरून गाळून कराचा एकच स्तंभ बदलता आला. इतरांना नावे वाचून वस्तू निवडाव्या लागल्या. तयार कपड्यांचा दर तर किमतीवरच ठरतो : नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. सणाच्या सवलतीने २,६०० रुपयांचा सदरा २,४०० ला आला, की त्याचा कर बदलतो आणि सवलत संपताच तो पुन्हा बदलतो. किंमत व कर हे दोन स्तंभ एकाच फाइलीत बदलता येणे येथे आवश्यक ठरते.

काम संपल्यानंतरचे साधन : आयातीची साधने बहुधा दुकानाच्या सर्व्हरवरच बसविली जातात व त्यांना नोंदी लिहिण्याचे पूर्ण अधिकार असतात. पहिली मोठी आयात झाल्यावर त्यांचा विसर पडतो. वर उल्लेखिलेल्या मॅग्मीमध्ये २०१७ साली उघड झालेल्या एका दोषाचा फायदा घेऊन चोरटे मॅजेंटोच्या दुकानांत शिरत आणि ग्राहकांच्या पत्रांची, म्हणजे क्रेडिट कार्डांची, माहिती पळवीत; अमेरिकेच्या एफबीआय या संस्थेने मे २०२० मध्ये तसा इशारा दिला. मॅजेंटोच्या ज्या पहिल्या आवृत्तीसाठी ते साधन लिहिले गेले होते, तिचा अधिकृत आधार ३० जून २०२० रोजी संपला. वापरात नसलेले आयात-प्लगइन काढून टाकणे, त्याला दिलेली एपीआयची किल्ली रद्द करणे आणि सर्व्हरवर राहिलेल्या सारण्या पुसणे या गोष्टी आयातीच्या कामातच मोडतात. पुरवठादाराचे खरेदीदर असलेली सारणी कोणालाही उतरविता येईल अशा जागी पडून राहिल्याचे प्रकार घडतात.